दुभंगलेला कोरिया आणि महासत्तांचे करार

१६ सप्टेंबर १९४८ रोजी आपल्या हैदराबाद संस्थानचा प्रश्न पॅरिस येथे सुरक्षा समितीपुढे आला, आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली. परक्या दरबारात आपल्या भवितव्याचा काथ्याकूट होत बसण्याची पाळी नायगाव-नांदेडच्या लोकांवर आली नाही. त्याच सुमारास, १५ ऑगस्टला दक्षिणेत आणि ९ सप्टेंबरला उत्तरेत, कोरियात दोन निरनिराळी सरकारे स्थापन झाली. ती फाळणी अजून मिटलेली नाही. असे का व्हावे, याचा विचार आपण करू.

कोरिया १९१० पासून जपानच्या अमलाखाली होता. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण येत असताना, त्याच्या फौजांची शरणागती कोणी कोठे स्वीकारावी हे ठरविण्यासाठी अमेरिकन अधिकाऱ्यांनी नकाशावर ३८ वे अक्षवृत्त निवडले. रशियाने मान डोलावली. कोरियन जनतेला कोणी विचारले नाही. लष्करी सोयीची ही रेघ पुढे दोन राज्यांची सीमा होऊन बसली! २५ जून १९५० रोजी उत्तरेने ती ओलांडली. दक्षिणेच्या मदतीस राष्ट्रसंघाच्या नावाने अमेरिका धावली, उत्तरेच्या मदतीस चीन आला. तीन वर्षे लाखो माणसे मेली, आणि २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे तहकुबी झाली तेव्हा आघाडी जवळजवळ जेथून सुरुवात झाली तेथेच होती.

तहकुबी अडली होती ती युद्धकैद्यांवरून. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या कैद्यांचे करावयाचे काय? ते काम तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे आले. त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते, आणि कैद्यांच्या सांभाळासाठी गेलेल्या भारतीय दलाचे सेनापती आपले कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात. बावीस हजारांहून अधिक कैदी त्यांच्या स्वाधीन झाले. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांचा आपल्या भूमीवर भारतीय शिपायांनी पाऊल ठेवण्यास विरोध, म्हणून आपले जवान हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. दोन्ही पक्षांचा रोष पत्करून त्यांनी हे काम पार पाडले. अखेर अठ्ठ्याऐंशी कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या. १९५४ मध्ये ते आपल्या जवानांबरोबर भारतात आले. घर असून परत जावेसे वाटू नये, यापरते दुर्दैव कोणते?

तटस्थ राष्ट्राने माणसे सांभाळली. देश जोडणे त्याच्या हाती नव्हते. १ ऑक्टोबर १९५३ रोजी अमेरिकेने दक्षिणेशी संरक्षणाचा करार केला. १९६१ च्या जुलैमध्ये उत्तरेने प्रथम रशियाशी व मागोमाग चीनशी तसेच करार केले. रशियाचा जुना करार सोव्हिएत संघराज्य कोसळल्यानंतर इतिहासजमा झाला, तर २०२४ मध्ये नवा झाला. अमेरिकेचे सुमारे अठ्ठावीस हजार सैनिक आजही दक्षिणेत आहेत.

या करारांनी काहीच साधले नाही असे आम्ही म्हणणार नाही. १९५० सारखे युद्ध पुन्हा पेटले नाही, आणि त्या आडोशाला दक्षिणेने उद्योगधंद्यांत नेत्रदीपक प्रगती केली. परंतु शेताच्या राखणीसाठी घातलेले कुंपण दोन भावांच्या वाटण्याही पक्क्या करते. चीनला आपल्या सीमेवर अमेरिकन फौजा नकोत. अमेरिकेला तेथून पाय काढावयाचा नाही. शिवाय आश्रित राष्ट्राला सदैव धास्ती, की पाठीराखा उद्या सोडून गेला तर? त्या धास्तीचाही उत्तरेच्या अणुबाँबमध्ये वाटा आहे. २००६ मध्ये तिने पहिला स्फोट केला. २०२४ च्या आरंभी तर उत्तरेच्या नेत्यांनी एकीकरणाचे ध्येयच सोडून दिल्याचे जाहीर केले.

तहकुबी झाली, तह मात्र अद्याप झालेला नाही. मित्रराष्ट्र शत्रूला दारात थोपवू शकते, परंतु घरातील भिंत पाडणे घरच्यांनाच करावे लागते. त्यांनी ती पाडू म्हटले, तरी बाहेरच्यांनी तिला टेकू देणे थांबविले पाहिजे. कोरियाला आज या दोन्ही गोष्टींची वाण आहे.