नाकावर टिकेल असा चष्मा

आपल्या वस्तीत चष्मा लागलेली मुलं पुष्कळ, पण नाकावर चष्मा असलेली थोडी. बाकीच्यांचा चष्मा दप्तरात, नाहीतर टीव्हीशेजारी पडलेला असतो. आई म्हणते, "लावतच नाही." मुलीला जवळ घेऊन विचारलं की कळतं, तो घसरतो, कानामागे दुखतं, नाहीतर वर्गातली पोरं 'आजीबाई' म्हणून चिडवतात. घरचे पैसे तर गेलेच, वर फळा दिसत नाही म्हणून पोरगी अभ्यासात मागे पडते. म्हणून चष्मा छान दिसावा असं मुलीला वाटलं तर तिला नखरेल म्हणू नका. आवडलेला आणि नीट बसलेला चष्माच दिवसभर लावला जातो.

'चष्मा लावला की नंबर वाढतो' ही भीती आधी काढून टाका. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबत जातो, म्हणून मुलांचा नंबर वाढतो. चष्मा न लावल्याने तो थांबत नाही. आणि 'चष्मेवालीचं लग्न कसं जमायचं' म्हणणाऱ्यांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे एकदा नीट बघावं.

नंबर सरकारी दवाखान्यात काढून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांचे डोळे तपासतं. शाळकरी मुलांना मोफत चष्मा देण्याची सरकारी तरतूदही आहे, मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. घरात कुणाला मधुमेह असेल तर साखर ताब्यात येईपर्यंत चष्मा करायला टाकू नका. साखर वरखाली झाली की नंबरही बदलतो आणि महिन्याभरात तो चष्मा निरुपयोगी ठरतो.

आता फ्रेम. दुकानात गेल्यावर आपण आधी रंग बघतो, पण आधी नाक बघायचं. नाकाचं हाड बसकं किंवा नाक रुंद असेल तर सपाट नाकाची प्लॅस्टिकची फ्रेम हमखास घसरते. अशा चेहऱ्याला नाकावर दोन मऊ पॅड असलेली धातूची फ्रेम घ्या. ते पॅड दुकानदार चिमट्याने जवळ-लांब करून देतो. फ्रेमच्या काडीवर आतून 50-18-140 असे तीन आकडे असतात. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. जुना चष्मा चांगला बसत असेल तर त्याचे आकडे लिहून न्या. अर्धं काम तिथेच होतं.

फ्रेम घालून आरशासमोर मोठ्याने हसा. गाल फ्रेमला लागून ती वर उचलली जात असेल तर ती तुमची नाही. पापण्या काचेला घासायला नकोत, काड्या कानशिलात रुतायला नकोत. मान खाली घालून डोकं हलवा, निवडलेला तांदूळ पाखडताना हलतं तसं. तरी चष्मा जागेवर राहिला पाहिजे. डोळा काचेच्या साधारण मध्यावर आला पाहिजे. मोठ्यांच्या दोन बुबुळांमधलं अंतर साधारण 54 ते 74 मिलिमीटर असतं, त्याला दुकानात पीडी म्हणतात. ते न मोजताच काच बसवली तर जास्त नंबरवाल्याचं डोकं दुखतं. मोबाईलवरून स्वस्त चष्मा मागवणाऱ्यांनी हा आकडा आधी मोजून घ्यावा.

उणे नंबर जास्त असेल तर मोठी, चौकोनी फ्रेम टाळा. उणे नंबरची काच कडेला जाड होत जाते. फ्रेम जितकी मोठी तितकी जाड कड दिसते. मग दुकानदार महागडी पातळ काच सुचवतो. लहान, गोलसर, पूर्ण कडेची फ्रेम घेतली तर मध्यम नंबरला साधी काचही शोभते आणि पैसे वाचतात. लहान मुलांसाठी मात्र चार पैसे जास्त गेले तरी पॉलिकार्बोनेटची काच घ्या, ती सहसा फुटत नाही.

रंगाबद्दल एकच सांगते. 'सावळ्या चेहऱ्याला हा उठून दिसत नाही' असं दुकानात कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. सोनेरी, गडद निळा, वाइन, कासवाच्या पाठीसारखा तपकिरी हे रंग सावळ्या चेहऱ्यावर फार सुंदर दिसतात. भुवया फ्रेमच्या वर दिसत राहिल्या की चेहरा मोकळा वाटतो. निवड मुलीलाच करू द्या, किंमत तेवढी आपण आधी ठरवून सांगावी.

मोबाईलच्या निळ्या प्रकाशासाठी म्हणून 'ब्लू कट' काच गळ्यात मारतात. 2023 साली कोक्रेनने आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. डोळ्यांचा ताण कमी होण्यात या काचेचा फायदा बहुधा नाही, असं त्यात दिसलं. ते पैसे वाचवा. 22 सप्टेंबर 2025 पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, तेव्हा पक्कं बिल मागा.

मुलांचं बघता बघता आया स्वतःची चाळिशी विसरतात. सुईत दोरा जात नाही म्हणून शिलाईचं काम सोडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. आसामच्या चहामळ्यांतल्या चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचा चष्मा देऊन एक अभ्यास झाला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी वाढलं. आपल्याकडे धुणीभांडी, शिलाई, पापड लाटणं, सगळं बारीक नजरेचंच काम आहे. रस्त्यावर मिळणाऱ्या तयार चाळिशीने डोळे बिघडत नाहीत, पण तिच्या दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात आणि आपले दोन्ही डोळे बऱ्याचदा सारखे नसतात. शिवाय काचबिंदू आणि मधुमेहाने पडद्याला झालेली इजा तपासणीतच कळते. त्यामुळे चाळिशीनंतर डोळे एकदा डॉक्टरांना दाखवाच.

काच पदराने कोरडी पुसू नका, बारीक चरे पडतात. पाण्याखाली धरून साबणाचा थेंब लावा आणि मऊ सुती कापडाने टिपा. चष्मा सैल झाला तर घेतलेल्या दुकानात न्या. काडी गरम करून वाकवणं आणि स्क्रू आवळणं हे काम बहुतेक दुकानदार फुकट करून देतात. शाळेतून मोफत मिळालेला चष्माही असाच बसवून घेता येतो.