पैठणीचा दुवा

हातमागावरची अस्सल पैठणी एकट्या व्यक्तीने ठरवून घेतली, असे क्वचितच घडते. वधू, तिची आई, मावशी, पुण्याची आत्या आणि परदेशी स्थायिक झालेली थोरली बहीण या सर्वांची संमती मिळेपर्यंत खरेदी लांबते, आणि पूर्वी दुकानाच्या गादीवर होणारी ही मसलत आता बव्हंशी व्हॉट्सॲपवरच्या घरच्या ग्रुपमध्ये होते. म्हणूनच छोट्या दुकानाने आपली वेबसाइट समाजमाध्यमांशी जोडावयाची म्हणजे पानाच्या तळाशी फेसबुक-इन्स्टाग्रामची चिन्हे ओळीने मांडावयाची, ही सार्वत्रिक समजूत मला फार अपुरी वाटते. त्या मसलतीत आपला माल आपल्या गैरहजेरीत कसा सादर होईल, याची तजवीज हे या कामाचे मर्म होय.

येवल्यातील एका विणकर कुटुंबाच्या दुकानात हे काम चालू असताना मी शेजारी बसून पाहिले. संगणकावर मालकांची कन्या बसली होती. कोणी दुवा पाठविला की त्यासोबत चित्र, शीर्षक आणि दोन ओळींचा मजकूर अशी जी चौकट उमटते, ती फेसबुकने 2010 साली प्रचारात आणलेल्या ‘ओपन ग्राफ’ पद्धतीनुसार ठरते. तो तपशील पानाच्या एचटीएमएलमध्ये, वाचकाला न दिसणाऱ्या शिरोभागात, आधीच नोंदविलेला असावा लागतो. ती नोंद नसेल तर बहुधा नुसता कोरडा पत्ताच ग्रुपमध्ये जाऊन पडतो. चित्राचे रूढ माप 1200 बाय 630 पिक्सेल. सबंध साडी त्या आडव्या चौकटीत मावणे अशक्य, म्हणून मुलीने पदरावरचा मोर निवडला होता. मालक तिच्या खांद्यावरून वाकून पाहत म्हणाले, “पदराचा कोपरा उलटा करून फोटो घे, बाळ. गिऱ्हाईक पहिलं तेच बघतं.”

“अण्णा, मग मोर अर्धाच येईल.”

“येऊ दे.”

अण्णांचा आग्रह सर्वथा योग्य होता. हातमागावर रंगीत रेशमाच्या स्वतंत्र तिल्ल्या फिरवून, धाग्यात धागा गुंतवून पदराची नक्षी उठविली जाते, त्यामुळे ती दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखी दिसते; यंत्रमागावरच्या नकलेत बहुधा मागच्या बाजूला धागे सुटे लोंबतात किंवा कापलेले आढळतात. येवल्याच्या पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण ग्रुपमधल्या आत्याबाईंची खातरजमा होते ती उलटलेल्या कोपऱ्यावरूनच. अर्ध्या मोराचे चित्र मुक्रर झाले.

चौकटीतल्या मजकुरात किंमत घालावी की नाही, यावर बराच खल झाला. व्हॉट्सॲपची चौकट पाठविणाऱ्याच्या फोनवर तयार होते आणि निरोपाबरोबर कायमची राहते. दुकानदाराने नंतर दर बदलला तरी जुना आकडा जुन्या निरोपांतून फिरतच राहतो. किंमत वगळून ‘हातमाग, शुद्ध रेशीम, बांगडी मोर’ एवढेच लिहिले, हे मला फार विचाराचे वाटले.

पानावरचे व्हॉट्सॲपचे बटण वरवर क्षुल्लक दिसते, पण खरी जोडणी तेथेच होते. बटणामागच्या दुव्याच्या पत्त्यात 91 हा देशाचा संकेतांक आणि त्यापुढे दहा आकडी क्रमांक, अधिकचिन्ह किंवा आरंभीचे शून्य न लावता लिहावयाचा, आणि मागोमाग ग्राहकाच्या वतीने निरोपाचा मसुदा जोडावयाचा. देवनागरी अक्षरांना तेथे टक्केचिन्हांच्या संकेतांत उतरवावे लागते. ‘पैठणी’ एवढा एक शब्द 45 चिन्हांची मालिका होऊन बसतो. मसुद्यात प्रत्येक साडीचा क्रमांक आपोआप येईल अशी व्यवस्था मुलीने केली, त्यामुळे ‘ती निळी कोणती?’ या चौकशीत जाणारा दोन्हीकडचा वेळ वाचला.

इन्स्टाग्रामच्या बाबतीत तिने संयम राखला. तेथील छायाचित्रांची पट्टी पानात घेतली की त्या कंपनीची जड स्क्रिप्ट फोनवर उतरते आणि पान रेंगाळते. शिवाय अशा पट्ट्या ज्या सुविधांवर बेतलेल्या असत, त्यांपैकी एक डिसेंबर 2024 मध्ये बंदच झाली. रीलचे महत्त्व मात्र तिने ओळखले होते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, अशा धूपछांव पैठणीचा रंग साडी हलविल्याशिवाय कळतच नाही, आणि स्थिर छायाचित्र त्या रंगावर अन्याय करते. म्हणून पानावर एक हलके चित्र आणि त्यावर रीलचा दुवा, एवढेच ठेवले.

राहता राहिला विकल्या गेलेल्या साडीचा प्रश्न. हातमागाची पैठणी बहुधा एकुलती एक असते. ती गेली म्हणून पान काढून टाकले, तर महिन्यांपूर्वी पाठविलेला दुवा उघडणाऱ्या मावशींना दुकानच बंद पडले की काय, अशी शंका यावी. ती पाने जशीच्या तशी ठेवून, वर ‘विकली गेली’ असे स्पष्ट लिहून, बटणामागचा मसुदा तेवढा तिने बदलला: या क्रमांकासारखी पैठणी विणून हवी आहे, किती दिवस लागतील?