हप्त्यावरचा कर कुणाच्या दवाखान्यात जातो?

लेखमाला : आरोग्याचा पैसा । लेखांक सहावा

अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या तिसगावात कुणी आजारी पडलं की पहिली धाव गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे. तिथे भागलं नाही तर पाथर्डीचं उपजिल्हा रुग्णालय, आणि त्याहून गंभीर असेल तर करंजीचा घाट ओलांडून नगरचं सिव्हिल. या तिन्ही ठिकाणी पैसा लागतो तो सरकारी तिजोरीतला. खासगी रुग्णालय गाठलं आणि आजार यादीत बसला, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हाताशी येते. १ जुलै २०२४ पासून ती सगळ्याच शिधापत्रिकाधारकांना, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत लागू झाली. तिचाही खर्च तिजोरीतूनच होतो. मागच्या आठवड्यात या योजनेबद्दल सविस्तर लिहिलं होतं. मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो : ही तिजोरी भरायची कशी? ज्यांना खासगी आरोग्य विमा परवडतो, त्यांच्या हप्त्यातला थोडा वाटा ज्यांना तो परवडत नाही त्यांच्या उपचाराकडे वळवता येईल का?

आपल्याकडे हप्त्यावर कर होताच. १९९४ साली सेवाकर सुरू झाला, तेव्हा पहिल्या तीन सेवांमध्ये टेलिफोन आणि शेअर दलालांसोबत सर्वसाधारण विमाही होता. दर ५ टक्के. पुढे तो चढत गेला आणि जीएसटीत १८ टक्क्यांवर पोचला. समजा कुटुंबाच्या पॉलिसीचा हप्ता २०,००० रुपये आहे. पावतीवर त्याखाली दोन ओळी असायच्या : सीजीएसटी ९ टक्के, १,८०० रुपये, एसजीएसटी ९ टक्के, १,८०० रुपये. एक ओळ दिल्लीची, एक मुंबईची. भरायचे २३,६००. देशभरात आरोग्य विम्यावरच्या या करातून २०२३-२४ या एका वर्षात ८,२०० कोटींहून जास्त रक्कम गोळा झाली.

हा पैसा दवाखान्यांसाठी राखून ठेवलेला नव्हता. तो सर्वसाधारण महसुलात मिसळला, आणि तिथून रस्ते, पगार, व्याज, अनुदानं असा कुठेही गेला. आरोग्य विम्यावर कर घेतला म्हणून आरोग्यावरचा खर्च वाढलाच पाहिजे, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरींनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहून हा कर काढून टाकण्याची मागणी केली. त्यांच्याकडे नागपूरच्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेचं निवेदन आलं होतं. वर्षभर चर्चा झाली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. निवृत्त शिक्षकाला, मधुमेही आजीला याने खरोखर दिलासा मिळाला. वय आणि आजार वाढतो तसा हप्ता वाढतो, हप्त्याबरोबर करही वाढायचा. म्हणजे ज्याला उपचारांची जास्त गरज, त्याच्याकडूनच जास्त कर. हे अन्यायाचं होतं आणि ते गेलं, हे चांगलं झालं. पण तिसगावच्या ज्या घरांत खासगी पॉलिसी नाहीच, त्यांच्यासाठी काय बदललं? कर होता तेव्हा त्यांच्या दवाखान्याला त्यातलं काही बांधलेलं नव्हतं, आणि कर गेल्यावर ते मागायची वाटही अरुंद झाली.

फ्रान्सने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे सरकारी विमा सगळ्यांना आहे, पण त्यातून उरणारा खर्च भागवायला बहुतेक लोक खासगी पूरक विमा घेतात. १९९९ च्या कायद्याने या पूरक विमा देणाऱ्यांवर हप्त्याच्या १.७५ टक्के आकारणी बसवली आणि ती गरिबांना मोफत पूरक विमा देण्यासाठीच राखली. दर वाढत जाऊन आता सर्वसाधारण पॉलिसीवर १३.२७ टक्के आहे. तिथेही तक्रार हीच, की कंपन्या कराचा बोजा हप्त्यातून ग्राहकावरच टाकतात. तक्रार खरी आहे. पण पैसा कुठे जातो हे तिथल्या ग्राहकाला ठाऊक असतं, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे.

असा बांधलेला पैसा आपल्याकडे अशक्य आहे असं नाही. त्याचं उदाहरण तिसगावच्या चौकातूनच रोज जातं. गाव कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावर आहे. वृद्धेश्वरला, मढीच्या कानिफनाथांना, मोहटादेवीला जाणाऱ्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या, दुचाक्या, सगळे याच रस्त्याने. ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने ७१४ रुपये. हा विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं, कंपनीला मनाला येईल तसा वाढवता येत नाही. २०२२ च्या नियमांनी मोटार वाहन अपघात निधी उभा राहिला. विमा असलेल्या वाहनांच्या अपघातांसाठी त्यात विमा कंपन्यांनी पैसे भरायचे, विमा नसलेल्या वाहनांसाठी सरकारने. सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला खडसावल्यावर ५ मे २०२५ रोजी या निधीवर आधारलेली योजना अधिसूचित झाली : रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार. जखमीकडे शिधापत्रिका आहे का, पॉलिसी आहे का, हा प्रश्न यात येत नाही. करंजीच्या घाटात अपघात झालेला कुणी दिसला तर १०८ ला फोन करा आणि रुग्णालयात या योजनेचं नाव घेऊन विचारा. अंमलबजावणी लोकांनी विचारल्यावरच सुधारते.

विमा कंपन्यांचा पैसा कायद्याने थेट खाटेवरच्या रुग्णापर्यंत नेता येतो, हे या निधीने दाखवलं आहे. मग आरोग्य विम्यातच ते का नको? कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ज्या सामूहिक पॉलिसी काढतात, त्यांवर १८ टक्के जीएसटी अजूनही आहे. त्यातला राज्याचा अर्धा वाटा मुंबई-पुण्याच्या कार्यालयांतून महाराष्ट्राच्या तिजोरीत येतो. तो तसाच महसुलात मिसळू न देता राज्याने वेगळ्या निधीत टाकावा आणि त्यातून आधी प्राथमिक आरोग्य केंद्रं व उपजिल्हा रुग्णालयं सुधारावीत. आयकरावरच्या ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकरातला आरोग्याचा वाटा केंद्राने २०२१ मध्ये अशाच एका राखीव निधीत घातला आहे, तेव्हा ही कल्पना नवी नाही.

वर्षभर चाललेल्या करमाफीच्या चर्चेत पॉलिसीधारकांचा आवाज होता, कंपन्यांचाही होता. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत उभं राहणाऱ्यांचा नव्हता. नगर जिल्ह्यातल्या आमदारांनी ही मागणी पुढच्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात मांडावी, आणि ती त्यांच्या कानावर घालायचं काम वाचकांनी ग्रामसभेच्या ठरावाने करावं.