डोक्यापासून पावलांपर्यंत रामायण

तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की शुभंकरोतीच्या पाठोपाठ रामरक्षा म्हणायची, ही रीत अनेक मराठी घरांनी अजून सांभाळली आहे. चैत्रात गुढीपाडव्यापासून रामनवमीपर्यंत तर ती ठिकठिकाणी रोज म्हटली जाते. बहुतेकांना ती लहानपणी नुसती कानांवर पडून पाठ होते. मग जे तोंडपाठ आहे त्याचा अर्थ कशाला पाहायचा, असं होऊन ते पाहणं राहूनच जातं. रामरक्षेच्या बाबतीत ते राहू नये, असं मला मनापासून वाटतं. कारण तिच्या अवघ्या साडेपाच श्लोकांत रामाचं चरित्र जन्मापासून लंकाविजयापर्यंत रचून ठेवलेलं आहे आणि म्हणणाऱ्याच्या अंगावरून ते वरून खाली उतरत जातं.

स्तोत्राचे श्लोक ३८, ऋषी बुधकौशिक, मुख्य छंद अनुष्टुभ. सुरुवातीच्या विनियोगात सीतेला या स्तोत्राची शक्ती आणि हनुमंताला कीलक म्हटलं आहे. शंकरांनी स्वप्नात येऊन रामरक्षा सांगितली आणि सकाळी जाग आल्यावर बुधकौशिकांनी ती जशीच्या तशी लिहून काढली, असं स्तोत्रातच पंधराव्या श्लोकात येतं.

चौथ्या श्लोकाच्या उत्तरार्धापासून कवच सुरू होतं. कवच म्हणजे एकेका अवयवाचं रक्षण देवाच्या एकेका नावाकडे सोपवणं. अशी कवचं आपल्याकडे पुष्कळ आहेत. रामरक्षेचं वेगळेपण नावांच्या निवडीत आहे. डोकं राखायला राघव, म्हणजे रघूच्या कुळातला. कपाळाला दशरथाचा मुलगा, डोळ्यांना कौसल्येचा मुलगा. कूळ, वडील, आई असा हा जन्माचा भाग झाला. मग कानांशी विश्वामित्रांचा लाडका येतो. बला आणि अतिबला या विद्या रामाला विश्वामित्रांकडून मिळाल्या आणि आपल्याकडे विद्या कानांनीच घेतली जाते. नाकाशी यज्ञाचा रक्षणकर्ता आहे. हविर्द्रव्यांचा वास आणि होमाचा धूर आठवला की ही जागा नेमकी वाटते. मुखाला लक्ष्मणावर माया करणारा, जिभेला विद्येचा ठेवा, कंठाला भरताने वंदिलेला.

पुढे खांद्यांवर दिव्य आयुधं येतात आणि बाहूंशी शिवधनुष्य मोडणारा. इथे जरा थांबावं. हे स्तोत्र सांगणारे स्वतः शंकर आहेत आणि मोडलं ते त्यांचंच धनुष्य. तरीही रक्षणकर्त्याच्या नावांत ते ही आठवण आपणहून घालतात. देवाधिदेवाच्या मनाचा हा मोठेपणा मला संपूर्ण स्तोत्रातली सर्वांत हृद्य गोष्ट वाटते.

धनुर्भंगानंतर विवाह, म्हणून तळहातांचं रक्षण सीतेच्या पतीकडे. पाणिग्रहण हातांनीच होतं. विवाह करून परतताना वाटेत परशुराम आडवे आले, म्हणून हृदयाशी जामदग्न्याला जिंकणारा. ती जीत रक्ताचा थेंब न सांडता झाली. रामाने वैष्णव धनुष्याला दोरी चढवली आणि परशुरामांचा अभिमान गळून पडला. अभिमानाचं घर हृदयात असतं, तेव्हा हे नाव हृदयाला द्यावं हे उचितच आहे.

देहाच्या मध्यभागी खराला मारणारा आहे. जनस्थानात खर चौदा हजार राक्षस घेऊन चालून आला तेव्हा रामाने सीतेला लक्ष्मणासोबत गुहेत पाठवलं आणि तो एकटा लढला. हे जनस्थान परंपरेने नाशिकच्या पंचवटीच्या आसपासचं मानलं जातं. गोदाकाठी रामरक्षा म्हणणाऱ्याला या नावापाशी आपलं गाव भेटतं. बेंबीला जांबवंताचा आधार, कमरेला सुग्रीवाचा स्वामी, त्याखाली हनुमंताचा प्रभू, मांड्यांना राक्षसकुळाचा नाश करणारा रघूत्तम. गुडघ्यांना सेतू बांधणारा, पोटऱ्यांना दशमुखाचा अंत करणारा. सगळ्यांत खाली पावलांशी बिभीषणाला वैभव देणारा. बिभीषण शरण आला होता, त्याची जागा पायांशीच. शेवटी सगळा देह सांभाळायला कोणतंही विशेषण नाही. तिथे नुसता राम.

क्रम अगदी काटेकोर आहे असं नाही. भरत धनुर्भंगाच्या आधी येतो आणि जांबवंत सुग्रीवाच्या आधी. पण ओघ सुटत नाही. वाल्मीकींचे चोवीस हजार श्लोक एका माणसाच्या उंचीत मावतात. मुलांना रामरक्षा शिकवताना एकेका नावाला त्या त्या अवयवावर हात ठेवून ती ती गोष्ट सांगावी. पाठांतर सोपं होतं आणि रामायणही कळतं.

यानंतरच्या फलश्रुतीवर फार रेंगाळायचं कारण नाही. रामनामाने राखलेल्याकडे पाताळात, भूमीवर किंवा आकाशात फिरणारे कपटी जीव नजर उचलूनही पाहू शकत नाहीत, असा दिलासा तीत आहे आणि या कवचाला वज्रपंजर हे नावही तिथेच मिळतं. त्यापुढचे श्लोक मात्र सावकाश म्हणावेत. त्यांत रक्षण करणाऱ्यांचं वर्णन येतं ते दोन तरुण भावांचं. देखणे, कोवळे आणि तरी बलवान, कमळासारख्या डोळ्यांचे. अंगावर वल्कलं आणि काळं मृगाजिन, खायला फळं नि कंदमुळं. राजवाडा सुटलेला आहे, डोक्यावर छप्पर नाही, आणि अशा दोघांना भक्त सांगतो आहे की धनुष्य सज्ज ठेवून माझ्या वाटेत सदैव पुढे चाला. सिंहासनावरच्या राजाला कोणीही साकडं घालेल. इथे साकडं आहे वनवासी रामाला, ज्याने संकट स्वतः भोगलं आहे. भिणाऱ्याला धीर येतो तो यामुळे.

शेवटाकडे श्लोक पुन्हा दाट होतात. वाल्मीकींना कवितेच्या फांदीवर बसून रामनाम गाणारा कोकीळ म्हटलं आहे. त्यानंतर रामनामाची गर्जना संसाराची बीजं भाजून काढते, असं येतं. भाजलेलं बी पेरलं तरी उगवत नाही. पुन्हा जन्म नाही, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या घरगुती रीतीने सांगितलेलं आहे.

सदतिसाव्या श्लोकात राम शब्दाच्या आठही विभक्ती ओळीने आहेत, म्हणून संस्कृत शिकवणाऱ्यांचा तो आवडता. पण तो नुसता व्याकरणाचा धडा नव्हे. राम विजयी होतो, रामाला मी भजतो, रामाने राक्षससेना मारली, रामाला नमस्कार, रामाहून मोठा आश्रय नाही, रामाचा मी दास, रामात माझं चित्त विरून जावं, हे रामा, मला वर काढ. पहिल्या विभक्तीत राम लांबचा राजा आहे. संबोधनापर्यंत येता येता त्याला थेट हाक मारण्याइतकी जवळीक होते.

अडतिसावा, शेवटचा श्लोक शंकरांनी पार्वतीला उद्देशून म्हटलेला आहे. हे एक नाव सहस्रनामांच्या तोडीचं, असं ते तिला सांगतात. अक्षरांना अंक देणाऱ्या जुन्या कटपयादी पद्धतीने त्याचा हिशेबही मांडला जातो. य पासूनच्या वर्गात र दुसरा, प वर्गात म पाचवा. दोन गुणिले पाच म्हणजे दहा. नाव तीनदा घेतलं की दहा गुणिले दहा गुणिले दहा, एक हजार. विष्णुसहस्रनाम म्हणायला ज्यांना रोज सवड होत नाही, त्यांच्यासाठी ही सोय खुद्द शंकरांनी करून ठेवली आहे, असं श्रद्धावंत मानतात.