कूलर चौघांचा, बिल कोणाचं?

एप्रिल लागला की नागपुरात गच्चीवरचे कूलर पुसून निघतात, नवी खस बसते आणि महिनाभरात रूमवर एकच प्रश्न घुमतो : एवढं बिल आलं कसं बे? घरी असताना बिल आई-बाबा भरायचे. आता तुम्हाला भरायचंय, तर ते वाचताही यायला हवं.

आधी साधा हिशेब. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. 200 वॅटचा कूलर रोज 10 तास चालला तर दिवसाला 2 युनिट, महिन्याला 60. दोन कूलर असतील तर 120. फ्रिज, पंखे, लॅपटॉप वेगळेच!

महावितरणचे घरगुती दर टप्प्याने वाढतात : पहिली 100 युनिट, मग 101 ते 300, पुढे 301 ते 500. शंभरानंतरचं युनिट जवळपास दुप्पट दराने पडतं. शंभर ओलांडले म्हणून सगळं बिल महाग होत नाही, फक्त वरची युनिट महाग होतात.

आता समजा, घरमालकाचं आणि तुमचं मीटर एकच आहे. त्यांची 180 युनिट, तुमची 120. बिल येणार 300 युनिटचं आणि स्वस्त दराची 100 युनिट सगळ्यांत मिळून एकदाच. तुमचं मीटर वेगळं असतं तर 120 पैकी 100 युनिट स्वस्तात गेली असती. म्हणून प्रतापनगर असो की नंदनवन, रूम बघताना भाड्यासोबत हेही विचारा : मीटर वेगळं आहे का? सबमीटर असेल तर युनिटला किती लावता? आणि राहायला गेलात त्याच दिवशी रीडिंगचा फोटो काढून ठेवा.

दुसरी अडचण नावाची. बिल घरमालकाच्या नावावर, मोबाईल नंबरही त्यांचाच. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान 15 दिवसांची सूचना द्यावी, असं 2003 चा वीज कायदा सांगतो. पण ती सूचना जाते ग्राहकाला, तुम्हाला नाही. तुम्हाला कळतं ते ऐन परीक्षेत पंखा थांबल्यावर! यावर उपाय सोपा आहे. बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक मागून घ्या आणि महावितरणच्या ॲपमध्ये टाका. बिल, शेवटची तारीख, थकबाकी सगळं दिसतं.

बिल हातात आलं की चालू रीडिंग आणि मागील रीडिंग बघा, मीटरवरचा आकडा जुळतो का तपासा. रीडिंग न घेता सरासरीने बिल आलं असेल तर कमी रक्कम बघून खूश होऊ नका, फरक पुढच्या बिलात येतो. काही चुकलं असेल तर 1912 वर तक्रार करा. ‘आज रात्री वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज एखाद्या साध्या मोबाईल नंबरवरून आला, तर मात्र फोन करू नका आणि लिंकही उघडू नका. अशा मेसेजमधून लोकांची खाती रिकामी झाली आहेत.

राहिला वाटणीचा प्रश्न. एक पार्टनर पंधरा दिवस गावी गेला, तर त्याने किती द्यायचे? स्थिर आकार वीज वापरली नाही तरी लागतोच, तो चौघांत समान वाटा. बाकी रक्कम प्रत्येक जण जितके दिवस रूमवर होता, त्या प्रमाणात. हे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवा, बिल आल्यावर नाही. पाण्याचं, गॅसचं, वायफायचंही तसंच. एकाने महिनाभर हिशेब बघायचा, पुढच्या महिन्यात दुसऱ्याने. मग कोणाच्याच डोक्यावर बसत नाही आणि दोनशे रुपयांसाठी दोस्तीही तुटत नाही.