औषधाचें तूप आणि पानावरचें तूप

कर्जत-खालापूर भागांतील आमच्या घरीं गेल्या आषाढांत तुपावरून वाद उपस्थित झाला. नातवास ताप येऊन दुसरा दिवस होता. आमच्या वडील भगिनी आक्का मऊ भातावर लोणकढ्या तुपाची धार धरणार, तोंच सूनबाईंनीं वाटी मागें घेतली.

“आत्याबाई, डॉक्टर नको म्हणाले आहेत.”

“वैद्यांनीं कधीं तूप नको म्हटलें आहे काय?”

निवाडा आमच्याकडे आला. मास्तरकी सोडल्यावरही परीक्षा चुकत नाहीं ती अशी!

आम्हीं वाग्भटाचें अष्टांगहृदय काढलें. देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्रि यांनीं ज्यावर टीका लिहिली तेंच. निकाल सूनबाईंच्या बाजूनें लागला. नव्या तापांत तूप वर्ज्य. दहा दिवस लोटून कफ ओसरला व देह रूक्ष झाला, म्हणजे तेंच पथ्य.

तूप, तेल, वसा व मज्जा या चार स्नेहांत तुपास अग्रमान कां, तर तें स्वतःचा गुण न सोडतां सोबतच्या वनस्पतीचा गुण घेतें. म्हणून एक भाग कल्क, चार भाग तूप व सोळा भाग काढा मंदाग्नीवर आटवून ब्राह्मीघृत, त्रिफळाघृत इत्यादि सिद्ध करितात. शेजारच्या पनवेलींत १८७२ पासून धूतपापेश्वराचा औषधांचा कारखाना आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच. त्वचेच्या दाहावरचें शतधौत घृत तर घरींही होतें: तांब्याच्या ताम्हनांत तूप पाण्यानें शंभर वेळां फेटून धुवावयाचें. साठाव्या धुण्यास मनगट बोलूं लागतें, हा स्वानुभव.

परंतु हें सारें मोजून. पंचकर्मापूर्वींचें स्नेहपान तीन ते सात दिवसांचें. मात्रा अग्नि पाहून ठरवावयाची, वर ऊन पाणी द्यावयाचें, आणि स्निग्धतेचीं लक्षणें दिसतांच थांबावयाचें. मेद व कफ वाढलेल्यास तुपाचा सढळ हात शास्त्रासही मान्य नाहीं. तुपांत निम्म्याहून अधिक भाग संपृक्त चरबीचा असतो व ती रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढविते, हें आजचे डॉक्टर सांगतात. आमचे आजोबा पनवेलीस पायीं जात. आम्ही नाक्यापर्यंत रिक्षा करितों. दोन वर्षांपूर्वीं छातींत कळ आल्यावर आम्हांसही दिवसास एकच चमचा तूप सांगितलें होतें. तें आम्ही सोयीस्कर विसरलों होतों.

नातू चौथ्या दिवशीं अंगणांत खेळूं लागला. आक्कांनीं निवाडा मुकाट्यानें मानला. मात्र त्या दिवसापासून आमच्या पानावरचें तूप त्या स्वतः चमच्यानें मोजून वाढतात.