दोन एकर पंचवीस की सव्वादोन एकर? गुंठ्यांसाठी लिहिलेली छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी

आजच्या भागात कोड आहे, पण घाबरू नका. मोबाईल खिशात ठेवून ऐकलंत तरी समजेल.

जावास्क्रिप्ट शिकताना बहुतेक जण टू-डू लिस्ट बनवतात. मी एक युटिलिटी लायब्ररी लिहिली. युटिलिटी लायब्ररी म्हणजे काय, तर पुन्हा पुन्हा लागणारी छोटी छोटी फंक्शन्स एका फाईलीत ठेवायची आणि हवी तिथं बोलवायची. लोडॅश हे त्यातलं मोठं नाव. पण लोडॅशमध्ये गुंठा नाही ना! आणि आमच्या कडेगावात, टेंभूच्या पाण्यावर ऊस उभा राहायला लागल्यापासून, एकेका गुंठ्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं.

आता खरी गंमत बघा. आपल्याकडं कागदावर २.२५ लिहितात आणि वाचतात "दोन एकर पंचवीस गुंठे". तो टिंब दशांशचिन्ह नाहीच! एकराचे गुंठे ४०, शंभर नव्हे. म्हणजे हे झाले १०५ गुंठे. तीन भावांत वाटले तर प्रत्येकी ३५.

कॉम्प्युटरला मात्र २.२५ म्हणजे सव्वादोन. भागिले तीन, उत्तर पाऊण एकर, म्हणजे ३० गुंठे. प्रत्येकाचे पाच गुंठे गेले कुठं? एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे माणशी ५,४४५ चौरस फूट हवेत विरले. एक्सेल असो, मोबाईलचा कॅल्क्युलेटर असो, सगळे हेच करणार. बेरजेतही तेच. १.३० अधिक १.२० केलं की मशीन २.५० दाखवतं, खरं उत्तर ३ एकर १० गुंठे.

म्हणून लायब्ररीचा पहिला नियम: आत सगळं गुंठ्यांतच ठेवायचं, पूर्णांकात. 'वाच' नावाचं फंक्शन मजकूर घेतं, टिंबावर तोडतं, डावीकडचा आकडा गुणिले ४० करून उजवीकडचा मिळवतं. (हो, फंक्शनचं नाव मराठीत चालतं. जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, फक्त आकड्यानं सुरुवात करायची नाही.)

मजकूरच का, संख्या का नाही? कारण जावास्क्रिप्टला २.३० आणि २.३ एकच. शेवटचा शून्य गेला की तीस गुंठे होते की तीन, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यामुळं टिंबानंतर दोन आकडे नसतील तर 'वाच' सरळ एरर देतं. ४० किंवा त्याहून मोठा आकडा आला तरी एरर. अंदाज बांधून गप्प बसणारं फंक्शन जमिनीच्या कामाचं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण आकड्यांची. कोणी मराठी कीबोर्डवरनं "२.२५" टाकलं तर जावास्क्रिप्ट म्हणतं, ही संख्याच नाही. उपाय सोपा: युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, पुढचे नऊ आकडे ओळीनं. अक्षराच्या क्रमांकातनं २४०६ वजा करा, आकडा मिळाला.

'लिही' हे उलटं काम करतं. भागिले ४० चा पूर्ण भाग एकर, बाकी गुंठे. पाच गुंठ्यांचं "०५" करायला पॅडस्टार्ट वापरलं. ते २०१७ पासून भाषेतच आहे. त्याआधी लोक यासाठी लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज घ्यायचे, जेमतेम ११ ओळींचं. मार्च २०१६ मध्ये लेखकानं ते एनपीएमवरनं काढलं आणि जगभरातले प्रोजेक्ट बिल्ड होईनात! ११ ओळी स्वतः लिहायला काय हरकत होती, सांगा.

सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, तिथं शंभर आरांचा हेक्टर, म्हणून दशांश चालतो. एक हेक्टर म्हणजे साधारण ९८.८४ गुंठे, २ एकर १९ गुंठ्यांना जरासा कमी. इथं पूर्णांक टिकत नाही. म्हणून 'हेक्टरवरून' हे फंक्शन वेगळं ठेवलं आणि त्याच्या उत्तराआधी "अंदाजे" छापतो. वाटणीच्या फंक्शनला ते उत्तर दिलं तर ते घेत नाही.

स्वतः करून बघणार असाल तर पहिली टेस्ट ही लावा: १.३९ मध्ये ०.०१ मिळवल्यावर २.०० यायला पाहिजे. १.४० आलं, तर हातचा घ्यायचा राहिलाय.